टीव्हीमागचा उजेड: रंगीत पट्टी घेण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

रात्रीची जेवणं आटोपली, हॉलमधले दिवे मालवले आणि मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला की पहिला अर्धा तास मजेत जातो. मग डोळे जड होतात, चुरचुरतात, काहींचं कपाळ दुखू लागतं. दोष बहुतेक वेळा सिनेमाचा नसतो आणि टीव्हीचाही नसतो. टीव्हीभोवतीची भिंत काळीकुट्ट असते, त्याचा तो त्रास.

टीव्हीच्या किंवा मॉनिटरच्या मागे लावायच्या स्मार्ट एलईडी पट्ट्या आता सगळीकडे मिळतात. जाहिरातीत त्या जांभळ्या-गुलाबी झगमगाटात दिसतात, त्यामुळे हा नुसता सजावटीचा प्रकार आहे असा समज होतो. माझ्या मते हा आधी डोळ्यांचा विषय आहे आणि सजावटीचा नंतर. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि डोळ्यांचा त्रास तसाच राहतो. म्हणून रंगांकडे जाण्याआधी पांढऱ्या उजेडाबद्दल बोलू.

अंधारात डोळ्यांचं काय होतं

अंधाऱ्या खोलीत टीव्ही आपल्या नजरेच्या टप्प्याचा लहानसा भाग व्यापतो, बाकी सगळा काळोख असतो. पडद्यावर रात्रीचा प्रसंग आला की बाहुली रुंदावते, डोळा कमी उजेडाला सरावतो. पुढच्याच क्षणी वाळवंटातलं ऊन आलं की ती आकसते. दोन-अडीच तास हा खेळ चालू राहतो. पडद्यामागच्या भिंतीवर मंद, स्थिर उजेड असला की डोळ्यांना एक पाया मिळतो. पडदा कितीही अंधारला तरी खोली पूर्ण काळी होत नाही, त्यामुळे चढउतार सौम्य होतात.

दुसरा फायदा चित्राच्या दर्जाचा आहे, आणि तो थोडा चकवणारा आहे. मागे उजेड लावला की चित्रातला काळा रंग जास्त काळा दिसतो. एलसीडी टीव्हीत पडद्यामागचा दिवा सतत जळत असतो आणि थोडा उजेड गळतोच, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी भासतो. डोळा उजेड मीटरसारखा मोजत नाही, शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो. शेजारी उजळ भिंत असली की तोच राखाडी काळा वाटू लागतो. कोडॅकमधले संशोधक बार्टलसन आणि ब्रेनेमन यांनी १९६७ मध्ये हे पद्धतशीर मोजून दाखवलं: भोवतालचा उजेड वाढला की चित्रातला उजेड-काळोखातला फरक वाढल्यासारखा दिसतो. थिएटरसाठीच्या फिल्मच्या प्रती मुद्दाम जास्त कॉन्ट्रास्ट ठेवून काढत, त्याचं कारण हेच. तिथे भोवताली अंधार असतो, त्यात हरवणारा फरक प्रतीतच भरून काढावा लागे.

ओएलईडी टीव्हीत काळा बिंदू खरोखर विझतो, तिथे हा दुसरा फायदा कमी. पहिला मात्र तितकाच लागू.

किती उजेड, कोणत्या रंगाचा

चित्रपटांचं रंगकाम जिथे होतं त्या खोल्यांमध्ये मॉनिटरमागे असा दिवा लावायची रीत जुनी आहे. व्यावसायिक संकेत असा की भिंतीवरचा उजेड पडद्याच्या पांढऱ्या रंगाच्या सुमारे १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्रासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.२१०० या मानकात पडद्याभोवतीचा उजेड ५ निट दिला आहे. निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. घरी मोजायचं साधन नसतं, आणि त्याची गरजही नाही. ५ निट हा आकडा एवढंच सांगतो की हा उजेड फारच मंद हवा. भिंत नुसती जाणवावी, वाचन करता येईल इतकी उजळू नये.

इथे अॅपमधल्या टक्केवारीवर विसंबू नका. १० टक्के प्रकाश डोळ्यांना एक-दशांश वाटत नाही, एक-तृतीयांशाहूनही जास्त वाटतो. चांगले कंट्रोलर (पट्टीला हुकूम देणारी छोटी पेटी) हा हिशेब आतल्या आत करतात, स्वस्त करत नाहीत. म्हणून एका पट्टीचे १० टक्के आणि दुसरीचे १० टक्के सारखे नसतात. एखादा ओळखीचा सिनेमा लावा आणि उजेड कमी करत जा. आपली नजर वारंवार भिंतीकडे जायची थांबली की तिथे ठेवा.

रंगाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: तटस्थ पांढरा, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळट). टीव्ही आणि संगणकाच्या मानकांमध्ये पांढरा म्हणजे काय हे याच मूल्यावर ठरवलं आहे. भिंतीवर पिवळट उजेड टाकला तर डोळा त्या पिवळ्याला सरावतो आणि पडदा निळसर भासू लागतो. निळा टाकला तर चेहऱ्यांवर पिवळी छटा येते. आपल्याकडे एक सोय आहे. दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून जी साधी पट्टी मिळते ती बहुतेक वेळा ६५०० केल्विनच्या आसपासची असते. ‘वॉर्म व्हाइट’ जेवणाच्या टेबलावर सुंदर, टीव्हीमागे नको. पाकिटावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात तो आकडा, असेल तर ९० किंवा त्याहून जास्त पाहा. कमी आकड्याच्या पट्टीत पांढऱ्यावर हिरवी किंवा गुलाबी झाक येऊ शकते.

दोन गोष्टी हा हिशेब बिघडवतात. पहिली, टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड. दुकानात उठून दिसावा म्हणून त्यात पांढरा रंग बराच निळसर ठेवलेला असतो. त्याच्या मागे खरा पांढरा उजेडही पिवळा वाटेल. टीव्ही आधी ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणा. सुरुवातीचे दोन दिवस चित्र मळकट वाटेल, मग डोळे रुळतात. दुसरी गोष्ट भिंत. उजेड भिंतीवर आपटून येतो, म्हणून क्रीम, पीच किंवा फिका हिरवा डिस्टेंपर त्याला आपला रंग देतो. पट्टीचा पांढरा बदलता येत असेल तर पडद्यावर कोरं पांढरं चित्र लावा आणि भिंतीवरचं वलय त्याच्याशी जुळेपर्यंत फिरवत राहा. पांढरी किंवा राखाडी भिंत असेल तर काहीच करावं लागत नाही. गडद व्हिनियरचं पॅनेल असेल तर उजेड तेच पिऊन टाकतं. तिथे महाग पट्टी लावूनही निराशाच पदरी येते.

एवढंच हवं असेल तर खर्च अगदी किरकोळ आहे. ५ व्होल्टवर चालणारी पांढरी पट्टी टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडली की झालं. यूएसबी २.० पोर्ट ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो, आणि मंद उजेडाला तेवढे पुरतात. बऱ्याच टीव्हींत ती टीव्हीबरोबर लागते आणि टीव्हीबरोबरच विझते. कित्येकांची गरज इथेच पूर्ण होते.

रंगीत पट्टी आतून कशी चालते

आता रंगांकडे येऊ. प्रत्येक रंगीत एलईडीत तीन बारीक चिप असतात: लाल, हिरवी, निळी. लाल आणि हिरवी आधीपासून होती, तेजस्वी निळी मात्र १९९० च्या दशकात आली. तिच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळी मिळाली म्हणून पांढरी मिळाली, कारण घरातला पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फर या चमकणाऱ्या पिवळ्या पदार्थाचा थर. आज सगळं घर ज्या उजेडात उजळतं त्याच्या मुळाशी हा शोध आहे.

तीन रंग प्रत्येकी २५६ पातळ्यांवर जळू शकतात, म्हणून १,६७,७७,२१६ छटा होतात. जाहिरातीतले ‘१.६ कोटी रंग’ ते हेच. पण या तिघांना एकत्र पेटवून होणारा पांढरा कच्चा असतो. त्यात तीन रंगांचे तीन उंच सुळके आणि मधल्या छटांची दरी असते, त्यामुळे भिंत, पडदे, माणसाची कातडी विचित्र दिसते. म्हणून रंगही हवेत आणि चांगला पांढराही हवा असेल तर चौथी, स्वतंत्र पांढरी चिप असलेली पट्टी घ्या. ती ‘आरजीबीडब्ल्यू’ नावाने विकतात. थोडी महाग पडते, पण जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर इथे घाला असं मी सांगेन.

साध्या रंगीत पट्टीत सगळे एलईडी एका वेळी एकच रंग दाखवतात. पडद्याच्या डाव्या बाजूला आग आणि उजव्या बाजूला समुद्र, असं भिंतीवर उमटवायचं तर प्रत्येक एलईडीला वेगळा हुकूम देता आला पाहिजे. अशा पट्टीला ‘अॅड्रेसेबल’ म्हणतात आणि त्यात सगळ्यात प्रसिद्ध चिप डब्ल्यूएस२८१२बी. तिची युक्ती फार देखणी आहे. शेकडो एलईडींना हुकूम पोचवायला एकच वायर असते. पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्याच्या हाती दिला की तो वरची एक स्वतःसाठी ठेवून बाकीचा गठ्ठा पुढे सरकवतो, तसंच इथे होतं. कंट्रोलर सगळ्या एलईडींचे रंग एकापाठोपाठ पाठवतो. पहिला एलईडी सुरुवातीचे २४ बिट आपल्याकडे ठेवतो आणि उरलेले पुढे जाऊ देतो. कुणालाच स्वतःचा क्रमांक माहीत नसतो, तरी प्रत्येकाला आपलंच मिळतं. म्हणूनच पट्टीवर दिशेचा बाण छापलेला असतो, आणि उलट्या टोकाला डेटा जोडला तर एकही एलईडी ऐकत नाही.

वेग पाहा. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदात जातो, म्हणजे एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद. पंचावन्न इंची टीव्हीच्या चारही कडांना सुमारे साडेतीन मीटर पट्टी लागते. मीटरला ६० या हिशेबाने २१० एलईडी झाले, म्हणजे सगळ्यांचे रंग बदलायला साडेसहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. सिनेमाची एक चौकट जवळपास ४२ मिलिसेकंद टिकते. थोडक्यात, रंग उशिरा बदलत असतील तर दोष पट्टीचा नसतो.

विजेचा हिशेब मात्र गांभीर्याने करा. पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. २१० एलईडींचे १२.६ अँपिअर होतात, ५ व्होल्टवर ६३ वॅट. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर हे चालणार नाही, आणि बारीक वायरमधून एवढा प्रवाह नेला तर ती तापते. ५ व्होल्ट म्हणजे झटका बसत नाही हे खरं, पण आग झटक्याने लागत नसते, तापण्याने लागते. आपल्याला मंद उजेडच हवा असल्याने कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा घालून ठेवावी. अडॅप्टर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला घ्या. आणि पट्टी रिळावर गुंडाळलेली असताना ‘जरा बघू’ म्हणून पूर्ण उजेडात पेटवत ठेवू नका, आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

लांब पट्टीचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी नारिंगी दिसू लागलं तर पट्टी खराब निघाली असं लगेच समजू नका. पुढे जाता जाता व्होल्टेज घसरतं. निळ्या-हिरव्या चिपना साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ पुरतात, म्हणून निळा आधी दमतो आणि लाल उरतो. अडॅप्टरपासून एक जाड वायर थेट दुसऱ्या टोकाला नेऊन तिथेही वीज दिली की रंग परत येतो. डाग देता (सोल्डरिंग करता) येत असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

भिंतीला चित्राचे रंग कुठून कळतात

चित्राच्या कडेचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा सरासरी रंग काढायचा आणि तो त्याच बाजूच्या एलईडींना द्यायचा, एवढीच मूळ कल्पना. फिलिप्सने २००४ मध्ये अँबिलाइट टीव्हीतच बसवून ती घराघरांत नेली. टीव्ही स्वतःच चित्र काढतो, त्यामुळे त्याला रंग बाहेरून शोधावे लागत नाहीत. हा सगळ्यात निर्वेध मार्ग, पण त्यासाठी टीव्हीच तसा घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे मध्ये एक एचडीएमआय पेटी. सेट-टॉप बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल तिला जोडायचा, ती चित्र वाचते आणि पुढे टीव्हीला देते. फिलिप्स ह्यूची अशी पेटी २०१९ मध्ये आली. रंग अचूक, उशीर नगण्य. मेख एकच, आणि आपल्या घरांत ती मोठी आहे: टीव्हीतल्याच अॅपवर पाहिलेलं काहीही या पेटीतून जात नाही. तुमचं बहुतेक पाहणं टीव्हीच्या अॅपवर असेल तर पेटी निरुपयोगी आहे. वेगळी स्ट्रीमिंग काडी तिला जोडली तरच उपयोग.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. टीव्हीच्या वर किंवा खाली बसवलेला छोटा कॅमेरा पडद्याकडे तिरका बघत राहतो. कुठलंही अॅप चालतं, किंमत आवाक्यात. पण खोलीतला दुसरा दिवाही त्याला दिसतो आणि रंग थोडे घसरतात. घरात कॅमेरा नको वाटत असेल तर ते वाटणंही रास्त आहे.

संगणकावर चौथा मार्ग आहे, सॉफ्टवेअर थेट पडदा वाचतं. खेळांसाठी हे उत्तम. पण ओटीटीवरचे सिनेमे नक्कलबंदीच्या कुलपात असतात, ते वाचायला गेलं की अनेकदा सॉफ्टवेअरला नुसता काळा चौकोन मिळतो आणि दिवे विझतात. इथे उपकरण बदलून फरक पडत नाही.

रुंद सिनेमांची अडचण वेगळी. २.३९:१ चा सिनेमा घरच्या टीव्हीवर लावला की वर-खाली मिळून पडद्याचा सुमारे पाव भाग काळा राहतो. काळ्या पट्ट्या ओळखणारी सोय सुरू नसेल तर वरचे आणि खालचे एलईडी सिनेमाभर बंद राहतात.

आणि हे वापरावं का? खेळ खेळताना, गाण्यांना, मुलांच्या अॅनिमेशनला मजा येते. क्रिकेटला भिंत हिरवीगार होते आणि सामनाभर तशीच राहते, तिथे रंगांचा गडदपणा खूप उतरवावा लागतो. सिनेमाला मी ठामपणे नाही म्हणेन. एखाद्या प्रसंगाचा रंग कोणीतरी दिवसचे दिवस बसून ठरवलेला असतो, आणि भिंतीवरचा हलता रंग आपल्या डोळ्याचा पाया सतत सरकवत राहतो. सिनेमाला स्थिर पांढरा द्या.

‘स्मार्ट’ म्हणजे नक्की काय हवं

अॅपमधल्या शंभर इफेक्टपेक्षा तीन गोष्टी विचारा. इंटरनेट बंद असताना चालतं का? अनेक स्वस्त पट्ट्यांचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो. नेट गेलं की शेजारच्या खोलीतला दिवाही ऐकत नाही. मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ मध्ये आलेलं सामायिक मानक पाळणारी उपकरणं घरातल्या घरात बोलतात. स्वतः जोडणाऱ्यांसाठी डब्ल्यूएलईडी हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही घरच्याच वायफायवर चालतं आणि फार भरवशाचं आहे.

दुसरा प्रश्न: वीज जाऊन आली की काय होतं? बऱ्याच स्मार्ट दिव्यांत वीज आली की पूर्ण उजेडात लागायचं असं ठरलेलं असतं. पहाटे तीनला लाइट येते आणि हॉल लख्ख होतो. अॅपमध्ये ही सोय शोधून ‘बंद राहा’ किंवा ‘आधीसारखं’ करून ठेवा. ती नसेल तर वारंवार वीज जाणाऱ्या गावात ते उपकरण घेऊ नका. तिसरा प्रश्न वायफायचा: बहुतेक पट्ट्या फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडल्या जातात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि जोडणी होत नसेल, तर तात्पुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करून पाहा.

कामाच्या टेबलावर मॉनिटरमागे हेच नियम लागू, पण तिथे कागद आणि कीबोर्डही दिसायला हवेत. मॉनिटरच्या माथ्यावर बसणारा लाइट बार टेबलावर उजेड टाकतो आणि पडद्यावर नाही. मागची पट्टी आणि हा बार अशी जोडी झाली की छताची ट्यूब बंद ठेवता येते आणि पडद्यावरची तिची चमक जाते. व्हिडिओ कॉलवर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तरीही पट्टे राहिले तर पट्टीचं लुकलुकणं कारण असू शकतं. अशा पट्ट्यांतला एलईडी सहसा खरोखर मंद होत नाही, वेगाने उघडझाप करून मंद भासतो, आणि कमी वेगाची उघडझाप कॅमेऱ्याला दिसते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पट्टीचं चित्रण केलं की लगेच कळतं.

लावताना

टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल तर भिंतीवर उजेडाऐवजी ठिपके उमटतात. पट्टी कडेपासून पाच-सात सेंटिमीटर आत घ्या, किंवा सीओबी पट्टी वापरा. तिच्यात चिप इतक्या दाट असतात की सलग रेघच दिसते. पांढऱ्या झाकणाची अॅल्युमिनियमची प्रोफाइल वापरली तर ठिपके कमी होतात आणि उष्णताही निघून जाते. टीव्हीच्या पाठीवरच्या हवेच्या फटी झाकू नका. चिकटवण्याआधी पाठ स्पिरिटने पुसा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत टेप सुटते. कोकणपट्टीत खारी हवा पट्टीवरचे तांब्याचे उघडे जोड खाते, तिथे सिलिकॉनचा थर असलेली पट्टी घ्यावी.

खालच्या कडेला पट्टी लावायची की नाही, हे घर पाहून ठरवा. टीव्ही युनिटचा माथा चकचकीत सनमायक्याचा किंवा काचेचा असेल तर त्यात एलईडींची रांग उलटी दिसते आणि नजर तिकडेच जाते. शिवाय वन बीएचकेच्या हॉलमध्ये रात्री कोणी ना कोणी खाली गादी घालून झोपलेलं असतं. बसलेल्या माणसाला टीव्हीआड लपलेली पट्टी, खाली आडवं झालेल्याच्या थेट डोळ्यांत जाते. अशा घरात वरची आणि दोन बाजूच्या अशा तीनच कडा घ्या. पट्टी मीटर-दीड मीटरने कमी लागते आणि अडॅप्टरही लहान पुरतो.